भरवशाच्या म्हशीला...

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिक अंकासाठी काहीतरी लिहून द्या, असे मराठीच्या बाईंनी वर्गात सांगितले, तोवर पाऊस, आई आणि लोणावळ्याचे धुके हे विषय मुलांनी आपसात वाटून घेतले होते. माझ्या वाट्याला काही उरले नाही. मी भीत भीत विचारले, "बाई, डीजेच्या लॅपटॉपवर लिहिले तर चालेल का?" बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "चालेल. पण आवाज बेताचा ठेव." तो बेताचा ठेवण्याचा प्रयत्न मी करीत आहे.

प्रथम माझी ओळख करून देतो. मी नाणे मावळातला. कामशेत स्टेशनला उतरून आणखी आत गेले की आमचे गाव येते. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो. त्यांची तीस गुंठे भातखाचरे आहेत, त्यात इंद्रायणी भात पिकतो. आई गुलाबाच्या पॉलिहाऊसवर कामाला जाते. मावळातले गुलाब फेब्रुवारीत विमानाने परदेशी जातात, हे आपण वर्तमानपत्रात वाचतो. तिकडच्या एखाद्या प्रेमिकाच्या हातातले फूल आमच्या आईने पहाटे कात्रीने कापलेले असू शकेल. पण आईला त्याचे काही नाही. तिला त्या महिन्यात जादा हजेरी मिळते, एवढेच तिला ठाऊक. आण्णा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. आणि मी, अकरावीपासून, गावातल्या एका साउंडवाल्या दादाबरोबर सुपारीला जातो. आधी वायरी गुंडाळायचो, मग खोकी चढवायचो, आता टेबलावर असतो. एका सुपारीचे सातशे रुपये मिळतात. माझी फी आणि लोकलचा पास त्यातूनच निघतो.

डीजे म्हटले की प्राध्यापक मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात, हे मी जाणतो. त्या रास्तच आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद ठेवायचा असतो. आमची खोकी दहाची वेळ पाळतात. डेसिबलच्या बाबतीत मी गप्प राहिलेले बरे. पण आजचा माझा विषय आवाज नाही. आवाज अचानक बंद पडला तर काय होते, हा आहे.

मे २०२५ मधली गोष्ट. शेजारच्या गावात हळद होती. दादाचा जुना लॅपटॉप टेबलावर होता. दुपारी जुळवाजुळव करताना एका पाव्हण्याने एका गाण्याची फर्माईश केली. ते आमच्याकडे नव्हते. मी माझ्या मोबाइलचे हॉटस्पॉट लावले, गाणे उतरवून घेतले आणि हॉटस्पॉट बंद करायचे विसरलो. हे मी कोणालाही सांगितले नाही. दादालाही नाही.

रात्री नऊ वाजून वीस मिनिटांनी नवरदेव मित्रांच्या खांद्यावर होता. हळदीने सगळे अंगण पिवळे झाले होते. तेवढ्यात टॉपमधून कर्रर्र असा आवाज आला, पुन्हा आला, गाणे अडखळले आणि थांबले. पडदा गोठला होता. मी घाबरून बटण दाबून धरले व मशीन बंद करून पुन्हा चालू केले. त्यावर निळ्या पडद्यावर अक्षरे आली: अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नका. ते टक्के सावकाश चढू लागले. सतरा मिनिटे लागली. सतरा मिनिटे म्हणजे काय, हे परीक्षेच्या शेवटच्या पानावर बसलेल्यालाच कळेल.

आधी शिट्या झाल्या, मग शिव्या. शेवटी मांडवातल्या एका म्हातारीने हळदीचे गाणे धरले आणि बायकांनी ते उचलले. त्या माउलीचे उपकार मी विसरणार नाही. मशीन सुरू झाले तेव्हा दहाला पंधरा-वीस मिनिटे उरली होती आणि पोरांची हौस मावळली होती. नवरदेवाचे वडील टेबलापाशी आले. ओरडले नाहीत. "पोरा, तुमच्या भरवशावर पाव्हणं बोलावलं व्हतं," एवढेच म्हणाले, आणि दादाच्या हातावर ठरल्याच्या निम्मे पैसे ठेवले. परतताना छोटा हत्ती चालवत दादा एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते. पुढे जून लागण्याआधीच्या दोन सुपाऱ्या दुसऱ्या साउंडवाल्याकडे गेल्या.

घरी आण्णांना बातमी आधीच पोहोचली होती. "भरवशाच्या म्हशीला टोणगा," ते म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

दुसऱ्या दिवशी एकादशी नव्हती, पण देवळात भजन होते. मी ओट्यावर बसून आण्णांकडे पाहत होतो. त्यांनी कणीक मळली, पखवाजाच्या डाव्या तोंडावर, म्हणजे धुमेवर, थापली, वाजवून पाहिली, थोडी काढली, पुन्हा वाजवली. मग छोट्या हातोडीने गट्टे ठोकत उजवी बाजू सुरात आणली. उरलेल्या कणकेचा गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून जवळ ठेवला. हे सगळे मी लहानपणापासून पाहिले आहे, पण त्या दिवशी प्रथमच विचारले, "आण्णा, कालपरवाच तर वाजवला होता. रोज काय तपासता?"

"काल वाजला म्हणून आज वाजंल, असं त्यानं लिहून दिलंय का?" आण्णा म्हणाले.

मला वाटते, माझ्या लॅपटॉपची खरी खरेदी त्या ओट्यावरच झाली.

पैशाचा प्रश्न होता. आईने बचत गटातून वीस हजारांचे कर्ज उचलले. "फेडायचं तू," ती म्हणाली. "आणि पुस्तकं पण त्याच्यावर वाचायची." माझ्याजवळ चार हजार होते. जुलै महिन्यात एका पावसाळी सकाळी मी लोकलने पुण्याला गेलो आणि बुधवार पेठेतली जुन्या लॅपटॉपची दुकाने धुंडाळू लागलो.

त्या दिवसांत सातव्या पिढीच्या आणि त्याआधीच्या इंटेल प्रोसेसरची मशीने फार स्वस्त मिळत होती. कारण सरळ होते. विंडोज १० ला मिळणारी सुरक्षेची नियमित दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार होती, आणि विंडोज ११ अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासून पुढेच चालते. चकचकीत, दिवे लागणारे, सोळा हजारांचे मशीन दुकानदार माझ्यापुढे सरकवत होता. मी घेतले ते काळे, जाडजूड, दिसायला आमच्या गावच्या पोस्टातल्या पेटीसारखे: लेनोव्होचा थिंकपॅड टी४८०, आठव्या पिढीचा, एकवीस हजार पाचशेला. त्यात दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक मागून काढता येणारी. ८ जीबी मेमरी आणि फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी होती. दोन गाणी एका वेळी उघडून एकातून दुसऱ्यात जायला याहून जास्त लागत नाही. खेळांसाठी लागणारे महागडे ग्राफिक्स कार्ड हळदीत काही कामाचे नाही.

दुकानात मी दोन तास काढले. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढता येतो. मूळ क्षमता किती होती आणि आज किती भरते, हे त्यात दिसते. तो काढला. एसएसडीची प्रकृती पाहिली. प्रत्येक यूएसबी खाचेत पेन ड्राइव्ह घालून हलवून पाहिला, कारण सैल खाच म्हणजे नाचणाऱ्या पोराच्या एका धक्क्याने तुटलेला संबंध. बिजागऱ्या पाहिल्या. कानाला लावून पंख्याची घरघर ऐकली. शेवटी दुकानदार म्हणाला, "काय रे, लग्न करायचंय का याच्याशी?"

"करायचं नाही," मी म्हणालो, "लग्नात न्यायचाय."

घरी आणून दादाचा छोटा कंट्रोलर जोडला आणि हेडफोन लावून बसलो. सगळे ठीक चालले होते. पण चार-पाच मिनिटांनी कानात एक बारीकसा "टिक्" वाजला. मोठ्या आवाजात तो कोणाला कळलाही नसता. पण मी हा आवाज ओळखत होतो. मे महिन्यातल्या त्या कर्रर्रचे हे पिल्लू होते.

हा टिक् का येतो, ते सांगतो. लॅपटॉप गाणे एकदम सोडत नाही. आवाजाचे बारीक तुकडे मोजून एका छोट्या साठ्यात भरतो, त्याला बफर म्हणतात. आमच्या घरच्या पाण्याच्या पिंपासारखेच हे. सरकारी नळ थांबून थांबून येतो, पण पिंपात पाणी असले की तोटी चालू राहते. एका सेकंदाला ४४,१०० तुकडे लागतात. बफर २५६ तुकड्यांचा ठेवला तर पिंपात जेमतेम सहा मिलिसेकंदांचे पाणी. तेवढ्यात प्रोसेसरला दुसऱ्या कोणी कामाला लावले आणि त्याला यायला उशीर झाला, की पिंप कोरडे आणि टिक् हजर. बफर १०२४ केला तर सुमारे २३ मिलिसेकंदांची सोय होते. हात हलवल्यापासून आवाज यायला किंचित उशीर होतो खरा, पण हळदीत गाण्यावर नखे घासायची नसतात, त्यामुळे तो चालतो. पिंप मोठे करणे हा उपाय झाला. पण नळ कोण अडवतो, हे शोधायलाच हवे होते.

संशयित पुष्कळ होते: वाय-फाय, ब्लूटूथ, चार्जर, अँटिव्हायरस, वीज वाचवण्याची व्यवस्था, यूएसबीची खाच. मी सगळे एकदम बंद केले. टिक् गेला. मला फार आनंद झाला, आणि मग लक्षात आले की मला काहीच कळलेले नाही.

इथे आमच्या तर्कशास्त्राच्या सरांची आठवण झाली. प्रथम वर्षाला जॉन स्टुअर्ट मिलच्या पद्धती शिकवताना सर व्यतिरेक पद्धतीवर दोन तास बोलले होते. दोन प्रसंग घ्या. एक सोडून सगळ्या गोष्टी सारख्या ठेवा. त्या एकीच्या असण्याने कार्य घडत असेल आणि नसण्याने घडत नसेल, तर ती कारण किंवा कारणाचा भाग. मिलने हे १८४३ साली लिहिले. मी ते पाच गुणांसाठी पाठ केले होते आणि परीक्षेनंतर सोडून दिले होते. कामशेतच्या पलीकडे एका पत्र्याच्या खोलीत ते असे कामी येईल, असे सरांनाही वाटले नसेल.

मी वही घातली. रोज संध्याकाळी तीच गाणी, तोच बफर, तेवढाच एक तास, आणि बदल एकच. लेटन्सीमॉन नावाचे एक मोफत साधन आहे. कोणत्या ड्रायव्हरने प्रोसेसरला किती वेळ अडवून ठेवले, ते दाखवते. तेही चालू ठेवले. पहिल्या दिवशी चार्जर काढला: टिक् कायम. दुसऱ्या दिवशी अँटिव्हायरस थांबवला: टिक् कायम. तिसऱ्या दिवशी खाच बदलली: कायम. चौथ्या दिवशी फक्त वाय-फाय बंद केले. तासभर कानात प्राण आणून बसलो. एकही टिक् नाही. पुन्हा चालू केले, टिक् आला. पुन्हा बंद केले, गेला. मी उठून आईला सांगायला धावलो. आई म्हणाली, "बरं झालं. जेवून घे."

आनंद थोडा ओसरल्यावर मात्र मी वहीकडे पाहत राहिलो. मे महिन्यातही जाळ्याशी जोडलेला संबंधच नडला होता. त्या रात्रीचे रोगनिदान वेगळे. तिथे अपडेट आत शिरले, जुन्या हार्ड डिस्कला श्वास घेऊ देईना, आणि मी मशीन सक्तीने बंद करून कळस केला. पण दार मीच उघडे ठेवले होते. वस्तूला दोष देऊन मी मोकळा झालो होतो. व्यतिरेक पद्धतीने पाहिले तर त्या रात्री आणि आधीच्या पन्नास रात्रींत फरक एकच होता, आणि तो मी होतो.

पुढच्या चाचण्या मोठ्या होत्या. पत्र्याखाली चार तास सलग वाजवून मशीन तापवले. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, आणि तोही बफरच्या मुळावर येतो. पंख्यातली धूळ काढून प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलून घेतली, तेव्हा फरक हाताला कळला. मग दादाच्या गोदामात बेसच्या खोक्यावर लॅपटॉप ठेवून हादरे दिले. हार्ड डिस्कची चकती अशा हादऱ्यांनी अडखळते. एसएसडीत हलणारे काहीच नसते, ती ढिम्म राहिली. हा आजार आमच्याच गावचा आहे असे नाही. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये कूल हर्क या तरुणाने बहिणीच्या पार्टीत दोन तबकड्यांवर संगीत वाजवले, तिथून हिपहॉपची सुरुवात मानतात. त्या काळापासून बेसच्या हादऱ्याने सुई उडण्याचे दुखणे आहे. टेक्निक्सचे एसएल-१२०० हे तबकडीयंत्र १९७२ साली आले. १९७९ च्या त्याच्या सुधारलेल्या आवृत्तीला जड रबराचा तळ दिला, तो याच हादऱ्यांसाठी.

जनरेटरवर जोडले तेव्हा टॉपमधून "घूं" असा सूर येऊ लागला. चार्जर काढला की जाई. अर्थिंगच्या दोन वाटा झाल्या की असे होते. मध्ये आयसोलेटर घातल्यावर तो गेला. आणि पावसाचे काय सांगावे! लोणावळ्याच्या बाजूला जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींनाही पाझर फुटतो. एका सकाळी पाहतो तर लॅपटॉप तांदळाच्या डब्यात! आईने कोठेतरी ऐकले होते की तांदूळ ओल ओढतो. इंद्रायणीचा पांढरा भुगा खाचेतून झटकताना मला वास मात्र छान येत होता. तेव्हापासून पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो आणि थंडीतून आणलेले मशीन थोडा वेळ तसेच ठेवून मगच चालू करतो.

इतके करूनही मशीन बंद पडू शकते, हे मला कळले होते. म्हणून मोबाइलवर तासाभराची सलग गाणी भरली, मोबाइल विमान मोडवर टाकला आणि त्याची वायर मिक्सरच्या दुसऱ्या चॅनेलला कायमची जोडून ठेवली. लॅपटॉप थांबला तर एक पट्टी वर सरकवायची. आण्णांच्या ओल्या फडक्यातला कणकेचा गोळा तो हाच.

तुळशीचे लग्न झाले आणि हंगाम सुरू झाला. डिसेंबर २०२५ मध्ये त्याच गावची सुपारी आली. मे महिन्यातल्या नवरदेवाच्या चुलतभावाची हळद. दादाने विचारले, "घ्यायची का?" मी म्हणालो, "घे."

रात्री पावणेनऊला जनरेटर बंद पडला. सगळा अंधार झाला. माझे हात कापू लागले. पण अंधारात टेबलावर लॅपटॉपचा पडदा तेवढा उजेड देत होता. बॅटरीवर तो आपला चालूच होता. दादाने जनरेटर पुन्हा ओढला, अ‍ॅम्प्लिफायरचे दिवे आले, मी पट्टी हळू वर घेतली आणि गाणे होते तिथून पुढे निघाले. पोरे ओरडली, नाचू लागली. लॅपटॉपकडे कोणी पाहिलेही नाही. दहाला पाच मिनिटे असताना मी स्वतः आवाज उतरवला. नवरदेवाच्या चुलत्याने, म्हणजे मे महिन्यात निम्मे पैसे देणाऱ्याच गृहस्थांनी, पूर्ण पैसे दिले आणि चहा घेऊन जा म्हणाले. यंत्राची याहून मोठी स्तुती मला ठाऊक नाही: कोणाला त्याची आठवण झाली नाही.

परतताना छोट्या हत्तीत दादा म्हणाला, "मशीन चांगलं घेतलंस."

मी वायरींचे भेंडोळे मांडीवर घेऊन बसलो होतो. म्हणालो, "दादा, मे महिन्यात ते मशीनमुळं नाही झालं. मी दुपारी हॉटस्पॉट लावला होता. बंद करायला विसरलो. तुला सांगितलं नाही."

दादा थोडा वेळ गाडी चालवत राहिला. मग म्हणाला, "मला ठावं हाय. मशीन सुरू झालं तेव्हा कोपऱ्यात तुझ्या फोनचं नाव दिसत व्हतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू कधी सांगतोस, ते बघत व्हतो."

सात महिने मी लॅपटॉप तपासत होतो, आणि दादा मला. माझ्या टिक्ची नोंद त्याने कोठल्याही वहीत केली नव्हती, आणि मला बदलूनही टाकले नव्हते.

आईच्या बचत गटाचे हप्ते अजून फिटायचे आहेत. हा लेख मी त्याच लॅपटॉपवर लिहिला; वाय-फाय बंद ठेवून. बाईंनी सांगितल्याप्रमाणे आवाज बेताचा राहिला असेल, अशी आशा आहे.